फाटलेलं पान: चौकात न पोचलेल्या एका शिल्पाचं प्रकरण

तापीकाठच्या केळी पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. नाव देत नाही, कारण गावातली बरीच माणसं अजून माझ्याशी धड बोलतात आणि ते मला टिकवायचंय. २०१८ च्या पावसाळ्यात तिथल्या नगरपालिकेने मुख्य चौकाच्या सुशोभीकरणाचं काम काढलं आणि सल्लागार वास्तुविशारद म्हणून माझी नेमणूक झाली. मी जळगावची. काम नेहमीचं होतं: सर्कल, दुभाजक, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. निधी राज्य सरकारच्या 'वैशिष्ट्यपूर्ण' नावाच्या योजनेतून आलेला, म्हणजे मार्चच्या आत खर्चायची घाई ठरलेली.

नगराध्यक्षांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "मॅडम, पुतळे सगळ्या गावांत आहेत. आपल्याला असं काही पाहिजे की बाहेरचा माणूस गाडी थांबवून फोटो काढेल." हे ते मनापासून बोलले होते. पुढे त्यांच्यावर तोंडसुख घेणारे पुष्कळ निघाले. पण पुतळा सोडून दुसरं काहीतरी मागणारा नगराध्यक्ष मला त्याआधी भेटला नव्हता, त्यानंतरही नाही.

चौक

चार रस्ते. एक एसटी स्टँडकडे, एक बाजार समितीकडे, एक तापीच्या पुलाकडे आणि एक जुन्या गावात. मधे नऊ मीटर व्यासाचं सर्कल आणि त्यात कारंजं. हे कारंजं उद्घाटनाच्या दिवशी चाललं आणि नंतर म्हणे एकदा कुणी मंत्री येणार होते तेव्हा. भोवती दीड फुटी कठडा. माझ्या साइट प्लॅनवर या जागेची नोंद अशी होती: "बंद कारंजे, कठडा, विजेचे खांब २, निंब १."

त्या कठड्यावर पहाटे साडेपाचपासून माणसं बसतात, हे नोंदीत नव्हतं. घड कापणारे, कापलेले घड खांद्यावरून बांधावर आणणारे, गाडी भरणारे, निंदणीला जाणाऱ्या बायका. मुकादम येतो, बोटं मोजून माणसं घेतो, पिकअपमध्ये बसवतो. साडेसातच्या सुमाराला कठडा रिकामा होतो. आम्ही पाहणीला गेलो ते अकरा वाजता. आमच्या व्यवसायात पाहणी अकरालाच असते, आणि ड्रॉइंगमध्ये माणसं दाखवायची पद्धत नाही. दाखवलीच तर ती रंगीत चित्रात, हातात लॅपटॉपची बॅग घेतलेली, गोरीपान. तसली माणसं त्या चौकात मी कधी पाहिली नाहीत.

पान

शिल्पकार बडोद्याला शिकलेला, मुंबईत राहणारा, आजोळ रावेर तालुक्यात. त्याला मीच सुचवलं. तो त्याच वर्षी फेब्रुवारीत, हे काम निघण्याआधी, येऊन दोन दिवस बागांमधून हिंडला होता, कच्ची चित्रं काढून घेऊन गेला होता. दिवाळीनंतर नमुना घेऊन आला. दोन फुटी, तांब्याच्या पत्र्याचा. नगराध्यक्षांच्या दालनात चहाचे कप आणि केळीच्या वेफर्सच्या बशा बाजूला सारून त्याने तो टेबलावर ठेवला.

केळीचं एकच पान, देठावर उभं. मधल्या शिरेपर्यंत दोन्ही बाजूंनी फाटलेलं. सतरा-अठरा पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी शेजारणीपेक्षा जराशी वळलेली, म्हणजे बाजूने पाहिलं तर पान एका झुळकेत थांबल्यासारखं दिसे. चौकात ते साडेसहा मीटर उंच होणार होतं, आठ मिलिमीटर जाडीच्या कॉर्टन या गंजाच्या रंगाच्या पोलादात.

त्यामागचा विचार त्याने फार सोप्या शब्दांत सांगितला. केळीच्या पानाच्या बारीक शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत आडव्या, एकमेकींना समांतर जातात. वारा आला की पान दोन शिरांच्या मधे फाटतं, शिरा शाबूत राहतात. त्यामुळे फाटलेली पट्टीही हिरवी राहते, अन्न तयार करत राहते. आणि पान फाटल्यामुळे झाडावर वाऱ्याचा जोर कमी येतो. अखंड पान म्हणजे शीड. तेवढ्या शिडाला केळीचं मऊ खोड टिकणार नाही. "फाटणं ही केळीची अक्कल आहे," तो म्हणाला. मला ते फार आवडलं. अजूनही आवडतं.

दालनात एक वयस्कर बागायतदार बसले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणते. ते उठले, टेबलाभोवती एक फेरी मारली, पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग शिल्पकाराने शेजारी ठेवलेला कॉर्टनचा हातभर तुकडा उचलला, तांबूस-तपकिरी, जागोजाग डाग पडलेला. तो पानाला लावून पाहिला आणि विचारलं:

"हाई पान वादयनं शे का करपानं?"

वादळाचं आहे की करप्याचं. शिल्पकाराला अहिराणी कळली, पण प्रश्न कळला नाही. मला दोन्ही कळलं आणि कान गरम झाले. मे-जूनमध्ये वादळी पाऊस येतो तेव्हा या पट्ट्यात उभ्या बागा आडव्या होतात. दुसऱ्या दिवशी तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात आणि मोबाइलवर जे फोटो काढले जातात त्यात अशीच चिंध्या झालेली पानं असतात. आणि करपा म्हणजे सिगाटोका. आधी पानावर पिवळट रेघा, मग तपकिरी ठिपके, मग ठिपके एकमेकांत मिसळून पान कडेने वाळत जातं. रोगट पान कापून बागेबाहेर न्यावं लागतं. पान गेलं की घड भरत नाही. आमच्या शिल्पाचा आकार पंचनाम्याचा होता आणि रंग करप्याचा.

यात शिल्पकाराला मी दोष देत नाही. तो फेब्रुवारीत आला होता, बागा हिरव्यागार होत्या. माझ्या मामांची यावलकडे बाग आहे. शाळेच्या सुट्टीत त्यांना करप्याची पानं विळ्याने उतरवताना मी कितीदा पाहिलंय. तरी तो तुकडा पाहून मला करपा दिसला नाही. मला कॉर्टन दिसलं.

आप्पांचा पुढचा प्रश्न: "मंग हाई चौकमा कसाले?" यावर दालनात कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून सगळे हसले.

पोलाद, ऊन, वारा

रंगावरून मग महिनाभर पत्रव्यवहार चालला. कॉर्टनचा मुद्दा असा की ते स्वतःच्या गंजाचा थर अंगावर घेतं आणि तोच थर आतल्या पोलादाला राखतो, रंग द्यावा लागत नाही. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यांसाठी याच जातीचं पोलाद आयआरएसएम ४१ या नावाने वापरतात, भुसावळच्या माणसाला ते परकं नाही. पण हा थर नीट बसायला ओलं-सुकं, ओलं-सुकं असा फेरा लागतो. आपल्याकडे आठ महिने कोरडे. शिवाय पहिली काही वर्षं पावसाच्या पाण्याबरोबर गंज खाली उतरतो. म्हणजे नव्या कोऱ्या पेव्हर ब्लॉकवर तांबडे ओघळ, आणि त्यावरून वर्तमानपत्रात बातमी: वर्षभरात शिल्प गंजलं.

एका नगरसेवकाने मोबाइलवर शिकागोचं 'क्लाउड गेट' दाखवलं, अनिश कपूर यांचं, आरशासारखं. "असं चमकतं करा ना." ते १६८ पत्रे जोडून, सांधा दिसणार नाही इतकं घासून केलेलं काम आहे. पैशांचा प्रश्न सोडा, मी उन्हाचा मांडला. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. चकचकीत स्टीलच्या आत वळलेल्या पट्ट्या सूर्याकडे तोंड करून उभ्या केल्या तर समोरच्या रसवंतीवाल्याच्या डोळ्यांचं काय होईल, ते मी त्यांना विचारलं. नगरसेवक म्हणाले, त्याला गॉगल देऊ.

वाऱ्याचा हिशोब मात्र गमतीचा निघाला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला ४० मीटर वेग धरला तर चौरस मीटरला साधारण ९८ किलो. दहा चौरस मीटरचं अखंड पान म्हणजे आडव्या दिशेने जवळजवळ एक टन, तोही उंचावर, आणि त्यावर आकाराचा गुणक वेगळा. फटींमुळे भार कमी होतो हे शिल्पकाराचं म्हणणं बरोबर, पण आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने त्याला हळूच सांगितलं की खरं पान फाटून वाकतं, वळतं, वाऱ्याला वाट देतं. तुझं लोखंड ताठ उभं राहणार. जेवढी जागा मोकळी तेवढाच फायदा, बाकीचं पायाने सोसायचं. आणि पाया तापीच्या गाळातल्या काळ्या मातीत, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून वरच्या फुगणाऱ्या थराच्या खाली, साडेतीन मीटरवर टेकणारे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घेतले, चार. त्यावर काँक्रीटची टोपी आणि तिच्यातून वर आलेले ३२ मिलिमीटरचे आठ बोल्ट. हे बोल्ट लक्षात ठेवा.

फाईल

खरी गोष्ट फाईलमध्ये घडली.

१८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलंय की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि अशाच सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला परवानगी देऊ नका. त्यातून सूट आहे ती दिव्यांना, वाहतुकीच्या सोयींना, रस्त्यांच्या विकासाला आणि सुशोभीकरणाला. शिवाय राज्य सरकारच्या नियमांप्रमाणे पुतळा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. हे सगळं माणसांच्या पुतळ्यांसाठी लिहिलंय. केळीचं पान पुतळा आहे का? कुणालाच सांगता येईना. पुतळा म्हटलं तर आदेशात अडकतं, पुतळा नाही म्हटलं तर मान्यता कुणाची घ्यायची?

बांधकाम विभागातल्या एका अनुभवी लिपिकाने तोडगा दिला. "मॅडम, फाईलवर पुतळाही लिहू नका, शिल्पही लिहू नका. 'शोभिवंत लोखंडी रचना' लिहा. सुशोभीकरणात बसून जाईल." मी लिहिलं. कायद्याच्या दृष्टीने ते चूकही नव्हतं. पण त्या तीन शब्दांनी पुढचं सगळं ठरवलं.

लोखंडी रचना म्हटल्यावर अंदाजपत्रक दरसूचीने, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीने करायचं. दरसूचीत शिल्प नावाची बाबच नाही. फॅब्रिकेशन आहे, आणि त्याचा दर किलोवर. पान, दांडा आणि आतल्या बरगड्या मिळून वजन बाराशे किलोच्या आसपास. गुणाकार केला की जी रक्कम येते तिच्यात शिल्पकाराचे आठ महिने नाहीत, नमुना नाही, पट्टी कुठल्या कोनात वळवायची हे ठरवणं नाही. उलट लोखंड जास्त लावलं तर बिल जास्त. तो मला म्हणाला, "म्हणजे मी फटी बुजवल्या तर मला पैसे वाढवून मिळतील?" हो, तसंच होतं. शेवटी त्याचं मानधन सल्लागार शुल्कात, म्हणजे माझ्या शुल्कात, दाखवायचं ठरलं. माझं किती उरलं ते सोडून देऊ.

करारात आणखी एक ठिणगी पडली. त्याने कलम ५७ चा उल्लेख घातला. आपल्या कॉपीराइट कायद्यातलं हे कलम सांगतं की कलाकृती विकली, हक्क लिहून दिले, तरी तिची मोडतोड किंवा विद्रूप बदल करून कर्त्याच्या नावाला बाधा आणता येत नाही. अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाख रुपये भरपाई. मुख्याधिकाऱ्यांनी कलम वाचून विचारलं, "म्हणजे उद्या आम्ही याला ऑइल पेंट मारला तर हे कोर्टात जाणार?" शिल्पकार म्हणाला, जाणार. मुख्याधिकारी म्हणाले, मग रंग कोणता ते आत्ताच ठरवा, कारण दिवाळीला आमचे लोक दिसेल त्याला रंग मारतात. मला तरी त्यांचं म्हणणं रास्त वाटलं.

सर्वसाधारण सभेत एका सदस्याने मुद्दा काढला: धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार, ज्यांनी १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा घडवला, ते आपल्या खानदेशचे, आणि आपण मुंबईहून पान आणायचं? टाळ्या पडल्या. मी उत्तरात सुतारांचंच एक काम सांगितलं. गांधीसागर धरणावरची त्यांची ४५ फुटी चंबळ. नदीला त्यांनी आई केलंय आणि तिच्याजवळची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. कुणा नेत्याचा चेहरा नाही, तरी बघणाऱ्याला अर्थ लागतो. सदस्य म्हणाले, "तेच तर म्हणतोय. अर्थ लागतो." मी खाली बसले.

बांबूचं पान

हरकती मागवल्या, तीसेक आल्या. सगळ्या वाचल्या. आधी गटारी करा, पार्किंग कुठे, ट्रक वळणार कसा, फाटकं पान गावाच्या तोंडावर अपशकुनी दिसतं, देखभाल कोण करणार. "आम्हाला हे कळत नाही" असं लिहिणाऱ्या फक्त दोन, आणि त्यातली एक चित्रकलेच्या निवृत्त शिक्षकांची.

मी सुचवलं की एकदा खऱ्या मापात उभं करून बघू, बांबू आणि तरटात. कल्पना काही माझी नव्हे. आमच्याच पट्ट्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची सजावट गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी केली होती, बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साहित्यात. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

जानेवारी २०१९. गावातल्या मंडपवाल्या भाऊंनी एका रात्रीत पान उभं केलं. त्यांना चित्र दाखवलं तर म्हणाले, "पट्ट्या वळवायच्या ना? गणपतीच्या कमानीला करतो तसं." चिरलेल्या बांबूच्या कामट्या पाण्यात भिजवून वाकवल्या, त्यावर तरट शिवलं, बुडाशी वाळूची पोती. रात्री दोन वाजता हायमास्टखाली ते उभं राहिलं तेव्हा शिल्पकार रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ नुसता बघत राहिला. चांगलं दिसत होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन.

साडेपाचला मजूर आले. सर्कलला आम्ही सुरक्षेसाठी दोर बांधला होता, कठडा आत. माणसं थोडा वेळ घुटमळली, मग विखुरली: कुणी पानटपरीच्या पायरीवर, कुणी रस्त्याच्या कडेला उकिडवं. मुकादमाला माणसं दिसेनात, म्हणून पिकअप रस्त्याच्या मधेच उभ्या राहू लागल्या. सात वाजता बाजार समितीकडे निघालेला केळीचा ट्रक अडकला आणि त्याच्या मागे स्कूलबस. एक बाई, डोक्यावर फडकं, हातात डबा, दोराजवळ येऊन मला म्हणाली, "माय, मंग आम्ही बसानं कोठे?"

मला तोवर त्या चौकात शिल्प बसवायचं होतं. तिथे आधीच काय बसलंय ते मी त्या दिवशी सकाळी, चहाच्या टपरीवर उभी राहून, पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागला. फटी सुतळी ओवायला फार सोयीच्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी दोन फ्लेक्स आणि एका क्लासची जाहिरात. शिल्पकार हसला, पण त्याचा चेहरा मी पाहिला.

त्या रात्री मला न्यूयॉर्कचं प्रकरण आठवलं. तिथल्या फेडरल प्लाझात रिचर्ड सेरा यांनी १९८१ मध्ये १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी कॉर्टनची वाकडी भिंत उभी केली, 'टिल्टेड आर्क'. आजूबाजूच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना रोज तिला वळसा घालून जावं लागे. १९८५ च्या सुनावणीत १८० जण बोलले, त्यातले १२२ ती ठेवा म्हणणारे. तरी १९८९ च्या मार्चमध्ये ती कापून नेली. कॉलेजात आम्हाला हे प्रकरण अडाणी सरकार विरुद्ध कलावंत असं शिकवलं होतं. वळसा घालणाऱ्यांचं कुणी शिकवलं नाही. सेरांचं म्हणणं होतं की भिंत त्या जागेसाठीच केली आहे, हलवणं म्हणजे मोडणं. आमचा शिल्पकार त्या मानाने मवाळ. चौथ्या दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "मधे नको. निंबाच्या बाजूला, कोपऱ्यात घेऊ. कठडा त्यांचा त्यांना राहू दे."

मग तो आप्पांच्या बागेत गेला, तीन दिवस तिथेच राहिला. आप्पांनी त्याला आदल्या पावसाळ्यात मोडलेली आणि पुन्हा उभी राहिलेली झाडं दाखवली. पानं सगळी गेलेली, पण मधून पोंगा वर आलेला. पोंगा म्हणजे न उलगडलेलं नवं पान, विडीसारखं घट्ट वळलेलं. "पान गयं तं गयं. पोंगा ऱ्हायना म्हंजे झाड ऱ्हास." पोंगा राहिला की झाड राहतं. महिन्याभरात दुसरा नमुना आला, पुन्हा तांब्यात: मधोमध सरळ, निमुळता पोंगा, आणि त्याच्या बुडाशी एकच फाटलेलं पान खाली लोंबणारं. वारा घेणारं अंग निम्म्याहून कमी. फ्लेक्स बांधायला जागा जवळजवळ नाहीच. आप्पांनी तो हातात घेतला आणि काहीही न विचारता टीव्हीच्या शोकेसवर ठेवला. पहिला नमुना शिल्पकार परत घेऊन गेला होता. हा काही परत मिळाला नाही.

मार्चअखेर

इथपर्यंत सगळं जुळत आलं होतं, आणि इथेच माझी चूक आहे.

तांत्रिक मान्यता जुन्या नकाशाला होती: शिल्प मधे, पाया मधे. स्थापत्याचं काम आणि लोखंडी रचना अशा दोन वेगळ्या निविदा होत्या. पहिलीची वर्क ऑर्डर जानेवारीतच निघाली होती. जागा बदलायची तर सुधारित नकाशा, पुन्हा मान्यता, पुन्हा ठराव. ३१ मार्चपर्यंत ते होणं शक्य नव्हतं आणि झालं नाही तर निधी परत. त्यात १० मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ऑर्डर निघालेलं काम चालू राहिलं, न निघालेली निविदा थांबली. ठेकेदाराने फोन केला, "मॅडम, पाइल टाकू का? मशिन आलंय." मी म्हटलं, टाका. मनात हिशोब असा की पाया काय, नंतर बघू. मोजमाप पुस्तकाबरोबरच्या नकाशावर सही माझी आहे.

चौकाच्या बरोब्बर मधोमध चार पाइल, टोपी आणि आठ बोल्ट तयार झाले. बिल निघालं.

त्यानंतर शिल्प कोपऱ्यात न्यायचा विषय सभेत आला तेव्हा लेखा विभागाचा शेरा होता: मग झालेल्या पायाचा खर्च निष्फळ ठरतो, लेखापरीक्षणात आक्षेप येईल, वसुली कुणाकडून? मधेच बसवायचं तर कठडा जातो आणि मजुरांचं तेच. विषय तहकूब झाला. सप्टेंबरात विधानसभेची आचारसंहिता, पुढच्या मार्चमध्ये कोरोना. मग सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले. प्रशासकांनी फाईल मागवली, 'शोभिवंत लोखंडी रचना' वाचलं आणि विचारलं की शहरात लोखंडी कमान आधीच आहे, ही दुसरी कशासाठी? चार वर्षांपूर्वी जो शब्द सोयीचा म्हणून लिहिला त्याने वस्तूची ओळखच पुसून टाकली होती. मी भेटून समजावलं. ते समजूतदार होते, बघू म्हणाले. पण २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला, उभारल्याला नऊ महिनेही झाले नव्हते, आणि त्यानंतर उंच काही उभं करायच्या कागदावर सही करायला कुठल्याच कार्यालयात कुणी तयार होईना. त्यांना तरी काय बोलणार?

कारंजं काढलं गेलं. कठडा राहिला, कारण तो पाडण्याची बाब अंदाजपत्रकात नव्हती. मधली काँक्रीटची टोपी जमिनीपासून हातभर वर आहे, म्हणजे बसायला कठड्यापेक्षा चांगली. बोल्ट कुणाला लागू नयेत म्हणून नगरपालिकेने त्यांना गोणपाट गुंडाळलं. ते फाटलं तसं मजुरांनीच स्वतःचं गुंडाळलं. पहाटे त्या आठ बोल्टांना डब्याच्या पिशव्या अडकवलेल्या असतात.

दिवाळीत आप्पांचा फोन आला. पोंगा काळा पडत चाललाय, म्हणाले, काय लावू? मी घाईघाईने सांगितलं, काही लावू नका, तांब्याचा रंग असाच बदलायचा असतो, शिल्पकाराला तो तसाच हवाय. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "तुन्ही काकूनी सकायलेच चिंच लाई टाकी." आता लखलखतोय म्हणे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय आहे.